वाजली, गाजली आणि विरली: जोतिबाच्या वाटेवरची विसरलेली गाणी

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गुलालाचा धुरळा उठतो, तेव्हा त्या धुरळ्यातून दोन प्रकारचे आवाज ऐकू येतात. पहिला आवाज हलगी, पिपाणी, सनई, ढोल आणि लाखो कंठांतून निघणाऱ्या ‘चांगभलं’च्या गजराचा. उंचच उंच सासनकाठ्या तोलत नाचवणाऱ्या मानकऱ्यांबरोबर तो पिढ्यानपिढ्या डोंगर चढत आला आहे. दुसरा आवाज दुकानांच्या ओळींतून येतो. गुलाल, खोबरे आणि दवणा विकणाऱ्या दुकानांच्या फळीवर ठेवलेल्या कर्ण्यातून जोतिबाची गाणी वाजत असतात. दर काही वर्षांनी ही गाणी बदलतात. जी गेली ती कोठे गेली, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना नेहमी शिखरावरच्या गाण्यांची नोंद होते. ‘बुगडी’ची लावणी, ‘लवंगी मिरची’ची लावणी, ‘पिंजरा’तील गाणी यांचा उल्लेख टाळून कोल्हापूरच्या गाण्यांविषयी लिहिताच येत नाही. परंतु प्रत्येक ‘बुगडी’मागे दहा-वीस गाणी अशी असतात की, जी एका मोसमात वाजली, बँडवाल्यांनी उचलली, लग्नाच्या मांडवात आणि यात्रेच्या तंबूत ऐकू आली, आणि पुढच्या सुगीपर्यंत मागे पडली. ती अपयशी गाणी नव्हती. त्यांनी आपल्या काळात आपले काम चोख केले होते. या मधल्या पायरीवरच्या गाण्यांची ही हकिकत आहे. जोतिबाचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे कोल्हापूर ही ती समजून घेण्यास सोयीची जागा आहे, कारण तबकडी, चित्रपट, कॅसेट आणि भ्रमणध्वनी या चारही अवस्था येथील यात्रेने जवळून पाहिल्या आहेत.

यादी नसलेली लोकप्रियता

इंग्लंड-अमेरिकेत गाण्याची लोकप्रियता मोजण्यासाठी विक्रीच्या साप्ताहिक याद्या निघत. त्यामुळे एखादे गाणे अमुक आठवड्यात चाळिसाव्या क्रमांकावर होते आणि पुन्हा कधीच दिसले नाही, हेही तेथे सांगता येते. विसरलेल्या गाण्यांचीही तेथे नोंद आहे. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे ‘बिनाका गीतमाला’. केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून अमीन सयानी यांचा हा कार्यक्रम सुरू झाला. केसकर स्वतः मराठी होते आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी होते. त्यांच्या निर्बंधाने चित्रपटगीतांचे वेड कमी होण्याऐवजी बुधवारच्या रात्री आठ वाजता सारा देश परदेशी केंद्राला कान लावू लागला, हा या इतिहासातील मजेदार भाग.

सुरुवातीला गीतमालेत क्रमवारी नव्हती. ती १९५४ पासून आली. श्रोत्यांची पत्रे, श्रोता संघांची मते आणि तबकडी विक्रेत्यांचे आकडे यांवरून ‘पायदान’ ठरू लागले. वरच्या पायदानावर चढलेली गाणी लोकांच्या स्मरणात राहिली. एखादा आठवडा शेवटच्या पायदानावर दिसून गेलेली गाणी आज केवळ जुन्या वह्यांत सापडतात. अनेक घरांत या क्रमवाऱ्या वहीत उतरवून ठेवण्याची पद्धत होती, आणि आज संशोधकांना ज्या याद्या मिळतात त्यांत अशा हौशी श्रोत्यांच्या वह्यांचा वाटा मोठा आहे.

गीतमाला मात्र हिंदी चित्रपटगीतांची होती. मराठी गाण्यांना अशी क्रमवारी कधी लाभलीच नाही. आकाशवाणीच्या ‘आपली आवड’मध्ये फर्माईश करणाऱ्यांच्या नावांची लांबलचक यादी वाचली जाई आणि मग गाणे लागे. ती नावे ऐकूनच गाण्याच्या लोकप्रियतेचा अंदाज बांधायचा. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये आणि सांगलीचे १९६३ मध्ये सुरू झाले. कोल्हापूर परिसरात सांगली केंद्र ऐकले जाऊ लागले, तेव्हापासून ही फर्माईश खेड्यापाड्यांतूनही जाऊ लागली. तरीही अमुक गाणे किती पत्रांवर वाजले, याचा हिशेब कोठे छापला गेला नाही.

मग मराठी गाणे ‘चालले’ हे कशावरून ठरे? चित्रपट किती आठवडे टिकला यावरून, बँड पथकाने ते वरातीत घेतले का यावरून, तमाशाच्या फडाने त्याची चाल उचलली का यावरून. आणि यात्रेतल्या भोंग्यावरून. पश्चिम महाराष्ट्राच्या यात्राजत्रांत फिरत्या चित्रपटगृहांचे तंबू उभे राहत. खेळ सुरू होण्यापूर्वी तंबूच्या खांबावरील भोंग्यावर तबकड्या वाजवून गर्दी जमवली जाई. आरंभी भक्तिगीत, मग चित्रपटगीते, अंधार पडला की लावणी, असा तो साधारण क्रम. कोणती तबकडी लागली की लोक थबकतात, हे तंबूवाल्याला पाठ असे. लोकप्रियतेचे इतके रोखठोक मोजमाप दुसरे नव्हते. दुर्दैवाने ते कोणी लिहून ठेवले नाही.

तीन मिनिटांची तबकडी

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ मध्ये कोलकात्यात झाली. पुढची सहा-सात दशके ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीचे राज्य होते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. या मर्यादेने कोल्हापूरच्या संगीतावर दोन परस्परविरोधी परिणाम केले.

एक म्हणजे, पोवाड्यासारखा विस्ताराचा प्रकार तबकडीत कोंडला गेला. लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक यांच्यासारख्या शाहिरांचे कोल्हापूर हे गाव. शाहीर रंगात आला की प्रसंग वाढवत नेतो, मध्ये गद्य सांगतो, श्रोत्यांना ओढतो. तीन मिनिटांत हे बसणार कसे? म्हणून पोवाड्याच्या तबकड्या ‘भाग पहिला’, ‘भाग दुसरा’ असे छापून निघत. एक तबकडी फुटली की कथा अर्धी राही. जोतिबाच्या रत्नासुरवधाची कथा गोंधळी रात्रभर सांगतात. तिला तबकडीच्या युगात जागा मिळणे अवघडच होते.

दुसरा परिणाम याच्या उलट होता. जे आटोपशीर होते त्याचे भाग्य उजळले. नाट्यपदे आणि भावगीते यांना तबकडीचा आकार मानवला. यशवंत नाटक मंडळीचे शंकरराव सरनाईक हे कोल्हापूरचे ‘महाराष्ट्र कोकिळ’ आज नाट्यसंगीताच्या जाणकारांबाहेर किती जणांना आठवतात? गोविंदराव टेंबे यांचे नाव निदान शिल्लक आहे, कारण १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’चे ते नायक व संगीतकार होते आणि हा कोल्हापुरात तयार झालेला प्रभातचा चित्रपट पहिला मराठी बोलपट म्हणून ओळखला जातो. नाव राहिले तरी त्या बोलपटातील सगळी गाणी आज कोणाच्या ओठी आहेत, असे म्हणता येणार नाही.

प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली, पण कोल्हापूरचा चित्रपट थांबला नाही. भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओची १९४८ च्या जाळपोळीत मोठी हानी झाली. त्यातून सावरून भालजींनी जे चित्रपट केले, त्यांत मराठी गीतसंगीतातील एक विलक्षण प्रकरण घडले. ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५) आणि ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटांचे संगीतकार म्हणून ‘आनंदघन’ हे नाव झळकले. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे पुढे सर्वांना कळले. ‘साधी माणसं’मधील जगदीश खेबुडकरांचे ऐरणीचे गाणे अजरामर झाले. परंतु त्याआधी ‘राम राम पाव्हणं’ या चित्रपटाला लताबाईंनी स्वतःच्या नावाने संगीत दिले होते, ही गोष्ट आज अनेक संगीतप्रेमींनाही सांगावी लागते. जगप्रसिद्ध गायिकेने स्वतःच्या नावाने चाली दिलेल्या चित्रपटाची ही गत झाली असेल, तर इतरांच्या गाण्यांबद्दल बोलायलाच नको.

लावणीच्या बाबतीत हे अधिक ठळकपणे दिसते. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे मुक्काम ठोकला आणि वसंत पवारांच्या संगीतातील आशा भोसले यांची ‘बुगडी’ घरोघर पोहोचली. १९६२ मध्ये ‘रंगल्या रात्री अशा’साठी जगदीश खेबुडकर या तरुण शिक्षकाने लिहिलेली कोल्हापूरच्या ‘लवंगी मिरची’ची लावणी सुलोचना चव्हाण यांनी अशी म्हटली की, त्या लावणीने गीतकार व गायिका दोघांनाही नवी ओळख दिली. या दोन यशांनंतर तमाशापटांची लाट आली. प्रत्येक चित्रपटात चार-पाच लावण्या असत. त्यांतल्या एक-दोन चालत, उरलेल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला पडून राहत. पुढे ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आली. तिच्यात चार गाणी मावत, त्यामुळे दुर्लक्षित राहणाऱ्या गाण्यांचीही संख्या वाढली.

दुसऱ्या बाजूचे गाणे हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ज्या घरात ग्रामोफोन होता तेथे तबकडी उलटवली जाई आणि ते गाणेही ऐकले जाई. त्या घरातल्या मुलांना ते पाठ होई. रेडिओवर मात्र ते क्वचितच लागे. म्हणूनच आज सत्तरीतली एखादी व्यक्ती एखादे गाणे अखंड म्हणून दाखवते आणि शेजारच्या समवयस्काने ते कधी ऐकलेलेही नसते.

सुलोचनाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे निधन झाले. त्या दिवशी सर्वत्र वाजवली गेली ती तीच पाच-सहा गाणी. शेकडो लावण्या गायलेल्या गायिकेची ओळख पाच-सहा गाण्यांत आटावी, यात वाहिन्यांचा आळस जेवढा आहे तेवढाच जुन्या तबकड्या सहज उपलब्ध नसण्याचाही भाग आहे.

यात्रेत कॅसेटचे दुकान

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट बाजारात आणली असली तरी तिचा खरा प्रसार आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून झाला. आखाती देशांतून परतणाऱ्या कामगारांच्या सामानात ‘टू-इन-वन’ असत. पुढे आयातीचे नियम सैल झाले आणि देशातच यंत्रे व फिती बनू लागल्या. १९८३ मध्ये गुलशनकुमार यांची सुपर कॅसेट्स ही कंपनी उभी राहिली. अमेरिकी संगीत-अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेटयुगावर १९९३ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, कॅसेटमुळे एका बड्या कंपनीची दीर्घकाळची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक बोलींतील भक्तिगीते, लोकगीते व चावट गाणी यांना प्रथमच स्वतःचा बाजार मिळाला. महाराष्ट्रातही नेमके हेच झाले.

तबकडी काढायची तर मुंबईच्या मोठ्या कंपनीच्या पसंतीस उतरावे लागे. कॅसेटला तेवढा व्याप नव्हता. एखादा स्टुडिओ काही तासांसाठी भाड्याने घ्यायचा, ढोलकी, हलगी, ताशा आणि कळफलकावरचे वाद्य एवढ्यावर आठ गाणी उरकायची, मुखपृष्ठावर देवाचे रंगीत चित्र छापायचे, की माल तयार. तो खपवण्याची जागाही ठरलेली होती: यात्रा. खंडोबा, म्हसोबा, बिरोबा, यल्लमा, काळुबाई, जोतिबा. ज्या देवाची यात्रा, त्या देवाची कॅसेट. या व्यवसायाचे वेळापत्रक पंचांगानुसार चालत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

जोतिबाच्या बाबतीत हा हंगाम लांबलचक होता. माघ महिन्यातील पाच रविवारी भाविक ‘खेटे’ घालतात. कोल्हापूरहून पायी निघून डोंगर चढणाऱ्यांची तेव्हा रीघ लागते. त्यानंतर चैत्र पौर्णिमेची मुख्य यात्रा आणि मग पाकाळणी. शिवाय प्रत्येक रविवारची गर्दी वेगळीच. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा आणि सीमेपलीकडच्या बेळगाव परिसरातून माणसे येत. गावी परतताना गुलालाच्या पुडीबरोबर एक कॅसेट घेतली जाई. ती वर्षभर घरात, ट्रॅक्टरवर, वडाप गाडीत वाजत राही. पुढच्या वर्षी नवी येई आणि जुनीवर एखाद्या बारशाचे किंवा भाषणाचे ध्वनिमुद्रण होई. कितीतरी गाणी अशी शब्दशः पुसली गेली आहेत.

या गाण्यांचे काही ठरलेले साचे होते. एक साचा महिम्याचा: देवाने रत्नासुराला कसे मारले, डोंगराला रत्नागिरी नाव कसे पडले, यमाईशी त्याचे नाते काय, हे सांगणारा. दुसरा वारीचा: नवरा-बायको, सासू-सून किंवा मित्र यात्रेला निघाले आहेत, वाटेत केर्लीचा फाटा लागतो, दमछाक होते, शिखर दिसते. तिसरा नवसाचा. चौथा सासनकाठीचा, ज्यात शब्द कमी आणि हलगीचा ठेका जास्त. पाचवा साचा चित्रपटातील चालू चालींवर देवाचे शब्द बसवण्याचा. त्याच्यावर अभिरुचीसंपन्न मंडळींनी नेहमीच नाके मुरडली. ती तक्रार अगदीच चुकीची नव्हती. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी की, कीर्तन, भारूड आणि मेळ्याच्या परंपरेत लोकप्रिय चालीवर नवे शब्द बांधणे हा दोष कधीच मानला गेला नाही. बोलपटांच्या पूर्वीपासून नाट्यपदांच्या चालींवर मेळ्यांची पदे होतच होती.

वारीच्या साच्यातील गाण्यांना आज अनपेक्षित मोल आले आहे. त्यांत रस्ते आहेत, एसटीचे थांबे आहेत, दुकाने आहेत, भाडे आहे, मागण्या आहेत. सन १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी बांधलेल्या देवळाचे वर्णन कोणत्याही माहितीपुस्तकात मिळते. १९८५ च्या सुमारास डोंगर चढणाऱ्या शेतमजूर बाईला काय दिसत होते, हे मात्र या गाण्यांतच सापडते.

आवाज ओळखीचा, नाव अनोळखी

कॅसेटयुगाने महाराष्ट्राला काही मोठी नावे दिली. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप तबकडीच्या काळापासून गात होते. कॅसेटने त्यांचा आवाज वाडीवस्तीवर पोहोचवला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद शिंदे यांच्या ‘पोपटा’ने धुमाकूळ घातला. परंतु या नावांच्या खाली गायकांचा एक मोठा थर होता. त्यांची नावे मुखपृष्ठाच्या आतल्या घडीवर बारीक अक्षरात छापलेली असत, काही वेळा तीही नसत. ढोलकीवाला, हलगीवाला आणि कोरसमधील स्त्रिया यांची नावे तर जवळजवळ कधीच नसत. ठरावीक रक्कम हातात पडली की कलावंताचा त्या गाण्याशी संबंध संपे. कॅसेट किती खपली याचा हिशेब त्याच्यापर्यंत येत नसे.

छगन चौगुले यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सोलापूर जिल्ह्यातून आलेला हा जागरण-गोंधळाचा कलावंत. लोककथा आणि देवदेवतांची गाणी यांच्या त्यांच्या कॅसेटी ग्रामीण महाराष्ट्रात घरोघर वाजत होत्या, तरी शहरी वर्तमानपत्रांच्या पानांवर त्यांचे नाव क्वचितच येई. खंडोबा-बाणूच्या लग्नाचे गाणे त्यांच्या आवाजात लोकप्रिय झाले होते. पुढे तेच गाणे नव्या गळ्यातून आणि नव्या ठेक्यावर वरातींमध्ये वाजू लागले, तेव्हा नाचणाऱ्या बहुतेकांना ते नवेच वाटले. चौगुले यांचे मे २०२० मध्ये कोरोनाने निधन झाले. शहरी वाचकांपैकी अनेकांना त्यांचे नाव प्रथम कळले ते निधनाच्या बातमीतून.

जुन्या गाण्याचे असे पुनरुज्जीवन होणे वाईट नाही. गाणे त्यामुळे जगते. प्रश्न श्रेयाचा आणि पैशाचा आहे. कॉपीराइट कायद्यात मूळ ध्वनिमुद्रणाला ठरावीक मुदत उलटल्यावर, सूचना व स्वामित्वधन देऊन, तेच गाणे दुसऱ्या आवाजात मुद्रित करण्याची सवलत फार पूर्वीपासून होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत तिचा मुक्तहस्ते वापर झाला. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली आणि गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनावरील हक्क करार करूनही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद केली. गायक-वादकांनाही हक्क मिळाले. यात्रेच्या कॅसेटवरील कलावंताला त्यातून काय मिळाले? ज्याच्याकडे करार नाही, मुखपृष्ठावर नाव नाही आणि कॅसेटची प्रतही उरलेली नाही, त्याने हक्क सिद्ध करायचा कशाच्या आधारे? कायदा लाभार्थीचे नाव विचारतो आणि ते नावच येथे हरवलेले आहे.

शहरातील मराठी पॉपची कहाणी त्यामानाने सुखाची. नव्वदच्या दशकात संगीत वाहिन्या आल्या, ‘गारवा’सारखे अल्बम गाजले, २००२ च्या सुमारास ‘ऐका दाजीबा’ने वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते ही नावे घराघरांत नेली. त्यांच्या मागोमाग आलेले डझनावारी अल्बम विस्मृतीत गेले खरे, पण त्यांच्या सीडी, चित्रफिती आणि श्रेयनामावल्या कोठे ना कोठे शिल्लक आहेत.

चिप, भोंगा आणि यूट्यूब

कॅसेटनंतर यात्रेत व्हीसीडी आली. देवळाचा परिसर, डोंगरवाट, नाचणाऱ्या मुली आणि गुलाल अशी दृश्ये जोडलेली ही गाणी चार-सहा वर्षे चालली. मग भ्रमणध्वनीच्या दुकानांत ‘चिप’मध्ये गाणी भरून देण्याचा धंदा सुरू झाला. थोड्या पैशांत शंभर-दोनशे गाणी मिळू लागली. या व्यवहारात मुखपृष्ठच उरले नाही. गायकाचे नाव जाऊन तेथे ‘नवीन’, ‘डीजे’, ‘जोतिबा एक’, ‘जोतिबा दोन’ असली नावे आली. कॅसेटवर बारीक अक्षरात का होईना जे छापलेले असे, तेही गेले.

भोंग्यालाही मर्यादा आली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधील निकालाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकांवर बंधने घातली. रहिवाशांची आणि आजाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. रात्रभर गाणी वाजण्याचा यात्रेचा जुना शिरस्ता मात्र मोडला.

ऑक्टोबर २०२० मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर ‘दख्खनचा राजा जोतिबा’ ही मालिका सुरू झाली आणि जोतिबाच्या गाण्यांना पुन्हा मागणी आली. यूट्यूबवर जुन्या कॅसेटमधील गाणी चढू लागली. यात्रेची हौस असलेल्या एखाद्या तरुणाने घरातील फीत लावून, शेजारी भ्रमणध्वनी ठेवून केलेले मुद्रणही तेथे सापडते. त्यात पंख्याची घरघर ऐकू येते, मध्येच कोंबडा आरवतो. खाली प्रतिसाद मात्र मोलाचे असतात. कोणी लिहितो की हा आवाज आमच्या गावच्या अमक्याचा, कोणी म्हणतो की ढोलकी माझ्या वडिलांची. नावांची नोंद जर कोठे होत असेल तर ती सध्या अशा प्रतिसादांतच होते आहे.

कोणी जपले, काय जपले

जुन्या तबकड्यांबाबत परिस्थिती तुलनेने बरी आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणले आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून तबकड्यांच्या सूची प्रसिद्ध केल्या. सुरेश चांदवणकर यांनी या कामासाठी अनेक वर्षे वेचली. २००३ पासून ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळाने मराठी गीतांचे शब्द, गीतकार, संगीतकार, गायक आणि चित्रपट यांची शिस्तशीर नोंद केली. मराठी गाण्याविषयी काही लिहायचे असेल तर आज त्या संकेतस्थळाकडे वळावेच लागते. ग्रामोफोन कंपनीचे २००० मध्ये ‘सारेगामा’ असे नामांतर झाले. तिच्याकडील जुना साठा २०१७ मध्ये आलेल्या ‘कारवां’ या रेडिओसारख्या यंत्रातून नव्याने विकला गेला. त्यात निवड अर्थातच पुन्हा शिखरावरच्या गाण्यांची होती.

कॅसेटसाठी असे काही झालेले नाही. छोट्या कंपन्या बंद पडल्या, त्यांच्या मूळ फिती भंगारात गेल्या. कॅसेटला संग्राहकांच्या जगात तबकडीसारखी प्रतिष्ठाही नाही. लाखेची तबकडी फुटते, पण फुटली नाही तर ऐंशी वर्षांनीही वाजते. चुंबकीय फीत न फुटता आतून खराब होते. दमट हवेत तिला बुरशी धरते, लेप सुटतो, एका वेढ्याचा आवाज दुसऱ्यावर उमटतो. कोल्हापूरसारख्या पावसाळी भागात माळ्यावर ठेवलेल्या फितीचे आयुष्य किती असणार, हे सांगायला तज्ज्ञ नको.

घरात अशी कॅसेट असेल तर तिचे आवरण फेकू नये, असे संग्राहक आवर्जून सांगतात. गाण्याइतकीच माहिती त्या कागदावर असते: कंपनीचे नाव, अनुक्रमांक, वर्ष, गीतकार, स्टुडिओ. फीत वाजवण्यापूर्वी ती एकदा हलक्या हाताने पुढेमागे गुंडाळावी. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर यंत्रात घालू नये, कारण ती बुरशी यंत्रातून दुसऱ्या फितींना लागते. आवाजाची नक्कल करताना वायरने जोडून करावी, शेजारी भ्रमणध्वनी ठेवून करू नये.

कायद्याचे वेळापत्रक या सगळ्याहून निराळे आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी पन्नास वर्षांचा होता. १९९२ च्या दुरुस्तीने तो साठ वर्षांचा झाला, आणि ही मुदत प्रकाशनाच्या पुढील कॅलेंडर वर्षाच्या प्रारंभापासून मोजली जाते. त्यामुळे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतात, तो हिशेब वेगळा. १९८५ च्या चैत्र यात्रेत विकल्या गेलेल्या कॅसेटचे ध्वनिमुद्रण ३१ डिसेंबर २०४५ पर्यंत कोणाच्या तरी मालकीचे आहे. ती कंपनी कदाचित उरलेली नसेल आणि मालकाचा पत्ता लागत नसेल, म्हणून ग्रंथालय किंवा संग्रहालय तिची नक्कल करून लोकांसाठी खुली करायला धजत नाही. २०४५ पर्यंत ती फीत साठ वर्षांची झालेली असेल.